माझ्या आधी निवाऱ्यात येऊन गेलेली बाई

मी या ग्रुपवर बरेच दिवस नुसती वाचत असते. कधी कमेंटही केलेली नाही. खरं सांगायचं तर इथले निम्मे अनुभव वाचून मला हसू यायचं. मी नागापूर एमआयडीसीत पॅकिंगला काम करणारी बाई. सकाळी कंपनीची बस गाठायची, दिवसभर उभं राहायचं, घरी येऊन स्वयंपाक... भुताखेताला वेळ कुठला? देवाचंसुद्धा मी सणापुरतंच करते. त्यामुळे पुढे जे लिहितेय ते वाचून कुणी हसलं तर मला राग येणार नाही. फक्त एक करा, शेवटपर्यंत वाचा. टायपिंग माझ्या मुलीचं आहे, श्रावणीचं. मी सांगतेय, ती लिहितेय.

आम्ही मूळचे पाथर्डीकडचे. नवऱ्याचा मार असह्य झाला तेव्हा श्रावणीला कडेवर घेऊन मी नगरला आले आणि आई आणि धाकटा भाऊ दत्ता यांना गावाकडून बोलावून घेतलं. दत्ताला मी शिकवलं, आयटीआय करायला लावलं, सुप्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत चिकटवला. केडगावला छोटा प्लॉट घेतला, त्यावर दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. माझ्या पगारातून भिंती उभ्या राहिल्या. कागदावर नाव आईचं लावलं, कारण मला वाटलं, आईचं म्हणजे सगळ्यांचंच.

दत्ताचं लग्न झालं. रेश्मा घरात आली. त्यानंतर कधीतरी, मी शिफ्टला गेलेली असताना, आई दत्ताबरोबर रिक्षात बसून गेली आणि घर त्याच्या नावावर करून आली. मला कुणीच काही बोललं नाही. आईसुद्धा नाही. त्या रात्री तिने मला वाढलं असेल, श्रावणीच्या डोक्याला तेल लावलं असेल, आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. पुढे थोड्याच महिन्यांत तिला पॅरालिसिसचा झटका आला. उजवं अंग पूर्ण गेलं. वाचाही गेली, फक्त 'अं... अं' एवढंच. तेव्हापासून वर्षभर ती पडवीतल्या कॉटवर होती. कुणी धरल्याशिवाय तिला कूससुद्धा बदलता येत नव्हती. तिचं सगळं मीच करायचे. सकाळी शिफ्टला जायच्या आधी अंग पुसायचं, लुगडं बदलायचं, चहात बिस्किट बुडवून भरवायचं.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की पुढचं नीट कळावं.

त्या दिवशी फर्स्ट शिफ्ट होती. दुपारी कंपनीच्या बसमधून उतरून घरी आले तर श्रावणी शाळेच्या ड्रेसवर बाहेरच्या पायरीवर बसलेली. शेजारी आमच्या पिशव्या. भांड्यांचं गाठोडं, तिची पुस्तकं, माझ्या साड्या एका पोत्यात कोंबलेल्या.

"आई, मामा म्हणला इथंच बस."

दत्ता घरातच होता. मुद्दाम सुट्टी घेतलेली दिसत होती. माझ्याकडे न बघता बोलला.

"ताई, तू आता तुझं बघ. रेश्माची आई यायलीय राहायला. खोली लागती."

मला आधी गंमतच वाटली. म्हटलं, "म्हंजे? मी कुठं जाऊ?"

"तुला पगार हाय. खोली बघ कुठंतरी."

"आरं पण हे घर मी बांधलंय दत्ता..."

"घर माझ्या नावावर हाय," तो म्हणाला. "आयनंच करून दिलंय. इचार तिला."

मी कॉटकडे वळले. आई जागी होती. तिला सगळं ऐकू येत होतं, कळतही होतं, डॉक्टरांनी तसं सांगितलेलं. डावा हात चालत होता, मान हलत होती. मी म्हटलं, "आई, खरं का? हा खरं बोलतोय का?"

तिने माझ्याकडे बघितलं. आणि मान भिंतीकडे वळवली.

बस्स. नवऱ्याने मारलं तेव्हा मी रडले होते. त्या दिवशी रडू आलं नाही. शेजारच्या पवारकाकू घरी नव्हत्या, पिशव्या त्यांच्या ओट्यावर ठेवल्या, एक हातात घेतली आणि आम्ही दोघी निघालो.

कंपनीतल्या मैत्रिणीला फोन केला. तिची एकच खोली, सासू-सासरे, दीर. ती बिचारी फोनवर रडायला लागली, मीच तिला समजावलं. माळीवाडा स्टँडवर बाकड्यावर बसून श्रावणी मोबाईलवर शोधत होती... 'महिलांसाठी वसतिगृह', 'बेघर निवारा', 'तात्पुरती राहण्याची सोय'. बेघर हा शब्द तिने टाईप केला तेव्हा मी स्क्रीनवरून नजर काढली. सकाळपर्यंत माझं घर होतं. निम्मे नंबर लागत नव्हते. एक लागला तर ते हॉटेल निघालं. मॅपने एका ठिकाणी नेलं तर बंद शटर.

शेवटी सावेडीत एक नोकरदार महिलांचं वसतिगृह सापडलं. तिथल्या बाईंनी मला बघितलं, श्रावणीला बघितलं, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "अहो, तुमच्या आईला मी दुपारीच सांगितलं ना, इथे मुलांसकट घेत नाही. आणि जागाही नाहीये."

मी म्हटलं, "माझ्या आईला?"

"हो. केडगावच्या ना तुम्ही? एमआयडीसीत कामाला? नात नववीत आहे म्हणाल्या."

मला वाटलं, पवारकाकू आल्या असतील. पण काकूंना तेव्हा कुठे काय माहीत होतं? डोकं जागेवर नव्हतं, ऊन उतरायला लागलेलं, मी फार विचार केला नाही. त्यांनीच एका निवाऱ्याचा पत्ता दिला. तिथे गेलो तर तो फक्त पुरुषांचा. दारात एक वयस्कर वॉचमन खुर्ची टाकून बसलेला.

"तुमीच का त्या?" तो म्हणाला. "म्हातारी म्हनली व्हती, लेक आन् नात येतील. मावशे, मी तिला सांगितलं की, इथं बायांची सोय न्हाई. पलीकडं बायांचा निवारा हाय, तिकडं जा म्हनलं. गेली ती. लई भराभरा चालती बरं का म्हातारी."

श्रावणीने माझा हात घट्ट धरला. "आई, कोण फिरतंय आपल्या पुढं?"

मी म्हटलं, "कुणीतरी असेल. चल."

पण खरं सांगते, तेव्हा मला भीती वाटली ती वेगळीच. वाटलं, दत्तानेच कुणाला तरी पाठवलं असेल. जाईन तिथं माझी जागा बंद करायला. ज्या भावाने पायरीवर आणून ठेवलं, त्याच्याकडून काहीही शक्य होतं.

बायकांचा निवारा म्हणजे एका जुन्या शाळेचे दोन वर्ग. तो चालवणाऱ्या ताई – मी त्यांना इथे सुमनताई म्हणते, खरं नाव वेगळं आहे – दारातच उभ्या होत्या. दिवे नुकतेच लागलेले.

"मंगल ना? आणि ही श्रावणी. या, या. मी वाटच बघत होते."

मी पायरीखालीच थांबले. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमच्या आईने. दुपारी आल्या होत्या. मी म्हटलं, आज्जी, अशी जागा आधी धरून ठेवता येत नाही, माणूस समोर लागतं. तर हात जोडून उभ्याच राहिल्या. हलायलाच तयार नाहीत. मला राहवलं नाही हो." बोलत बोलत त्या आम्हाला आत घेऊन गेल्या. "बघा, त्यांनीच दाखवली ही जागा. म्हणाल्या, पोरीला भिंतीकडनं झोपवा, खिडकीत नको, तिला दम लागतो. आणि पाण्याजवळ जागा द्या म्हणाल्या. पिंपाजवळची द्या."

श्रावणीला लहानपणापासून दमा आहे. ते घराबाहेर फार कुणाला माहीत नाही. पण मी थांबले ते पाण्याचं ऐकून. मी लहान असताना आई-बाप ऊसतोडीला जायचे. ट्रक कारखान्यावर पोचला की बाप्ये सामान उतरवत बसायचे आणि आई एकटी पुढे पळत सुटायची. पाण्याजवळची जागा बघायची, तिथे आपला हंडा ठेवायची आणि दुसरं कुणी आलं की भांडायला उभी राहायची. मग त्याच जागेवर आमची कोपी, म्हणजे उसाच्या पाचटाची झोपडी पडायची. आम्हा भावंडांना लांबून पाणी वाहायला लागू नये म्हणून.

मी सुमनताईंना विचारलं, "दिसायला कशी होती?"

"हिरवं लुगडं. हनुवटीवर गोंदलेलं. आणि..." त्यांनी स्वतःचा डावा हात वर केला, "ही करंगळी अर्धीच. हात जोडले तेव्हा दिसली मला."

कोयत्याने तुटलेली. ऊस डाव्या हातात धरून तोडताना. मी तेव्हा पाच-सहा वर्षांची असेन, पण ते रक्त मला अजून दिसतं. आणि हिरवं लुगडं त्या दिवशी सकाळी मीच तिला नेसवलं होतं.

मी तिथेच खाली बसले आणि पवारकाकूंना फोन लावला.

"काकू, आई कुठंय?"

"कुठं असनार गं? कॉटवर हाय." काकूंचा आवाज बसलेला. "मंगल, मला म्हाईत असतं तर मी तुला फोन केला असता. रेश्मा दुपारी आली, म्हनली, घर आवरायचंय, जरा आत्याबाईंजवळ बसा. मी बसले. मीच पेज भरवली तिला. आतमदी तुझंच सामान बांधायलेत, मला काय कळलं न्हाई गं..."

"दुपारभर तुम्ही तिच्याजवळच होता?"

"हालले न्हाई जागची. डोळे मिटून पडलेली तुझी आय. घामानं नुसती भिजलेली. मी पदरानं वारा घातला. श्रावणी शाळेतनं यायच्या जरा आधी उठले, दळन आनायला गेले."

म्हणजे बघा. ज्या वेळी मी अजून कंपनीत मशीनवर उभी होते, मला घराबाहेर काढणार आहेत हे मला ठाऊकही नव्हतं, त्या वेळी काकूंच्या डोळ्यासमोर आई कॉटवर होती. आणि त्याच वेळी ती नगरमध्ये तीन ठिकाणी स्वतःच्या पायांनी चालत जाऊन, स्वतःच्या तोंडाने बोलून, दोन्ही हात जोडून माझ्यासाठी जागा मागत होती. जो उजवा हात वर्षभरात एकदाही उचलला गेला नव्हता, तो हात.

कॅमेरा नव्हता का, असं तुम्ही विचाराल. होता. सुमनताईंनाही हे ऐकून राहवेना, त्यांनी दुसऱ्या दिवशी मला रेकॉर्डिंग दाखवलं. कॅमेरा खोलीत आहे, दाराकडे नाही. त्यात सुमनताई पिंपाजवळच्या दोन गाद्यांवर चादरी घालताना दिसतात. मध्येच दाराकडे बघून बोलतात. मान डोलावतात. एकदा हसतात. पलीकडे कोण आहे ते चौकटीबाहेर राहिलंय.

निवाऱ्यात आम्ही पावसाळाभर राहिलो. तिथूनच मी कामावर जायचे, तिथूनच श्रावणीची शाळा सुरू राहिली. पुढे तिथल्याच एका बाईबरोबर मिळून नागापूरला खोली केली, आता तिथेच आहोत. त्या बायकांनी मला जेवढं सांभाळलं तेवढं रक्ताच्या कुणी नाही.

मधे एकदा दत्ता कामावर आणि रेश्मा बाजारात गेलेली बघून काकूंनी मला बोलावून घेतलं. आई फार वाळली होती. केस कुणी विंचरले नव्हते. मी कॉटवर बसले, तिची ती तुटकी करंगळी हातात घेतली.

"आई, तू आली होतीस का गं?"

तिच्या डोळ्यातून पाणी आलं. नुसतंच बघत राहिली.

"तू मला जागा शोधून दिलीस ना? मग हे घर का दिलंस त्याला? मला सांगितलं का नाहीस?"

आणि तिने मान वळवली. भिंतीकडे. अगदी तशीच.

दिवाळीच्या आधी ती गेली. दत्ताने मला कळवलं नाही. काकूंचा फोन आला तेव्हा सगळं उरकलेलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, आईचं काळीज असतं ते. कंपनीतल्या बायकाही हेच म्हणतात, डोळे पुसतात, कुणी कुणी तर हात जोडतात. मी बरंच डोकं लावून बघितलं. सुमनताईंना खोटं बोलून काय मिळणार होतं? तिन्ही ठिकाणची माणसं एकमेकांना ओळखत नाहीत. आईसारखी दुसरी बाई असेल म्हणावं, तर ती करंगळी, तो दमा, ते पाण्याजवळचं... मला काहीच उलगडत नाही. आजही नाही.

पण माझी झोप उडते ती याने नाही. जिला परक्यांच्या दारात जाऊन माझ्यासाठी हात जोडता आले, तिला स्वतःच्या घरात, स्वतःच्या मुलासमोर, नुसती मान हलवून 'नको' म्हणता आलं नाही? त्या दिवशी मान हलत होती तिची. मी बघितलंय.

हे टाईप करताना श्रावणी मध्येच थांबली. म्हणाली, "आई, आजीला माफ कर ना आता."

मी तिला म्हटलं, तू लिही. मी अजून केलेलं नाही.