तोतुयाने मेंढा सोडायला लावला

डोंगरावरच्या आमच्या कारा-साज गावच्या माणसांना पाहुणा दिसला की त्यांचं बाकीचं भान सुटतं. वाटेवर परका घोडा दिसायचा अवकाश, बायका चहाचं पाणी चढवतात आणि म्हातारे मेंढा कोणाचा कापायचा यावरून हमरीतुमरीवर येतात. पाहुणा बिचारा नुसता रस्ता विचारायला थांबलेला असतो. संध्याकाळी तो पोटावर हात ठेवून खाली उतरतो. या स्वभावाचं आम्हाला कौतुकच आहे, पण याच स्वभावानं एकदा आमची शाळा बुडायची वेळ आणली होती. बुडाली नाही ती तोतुयामुळं.

तोतुया दोरोनबेकच्या घरात सून म्हणून आली ती नारिन शहरातून, शिक्षिकेचा अभ्यासक्रम पुरा करून. पण शिकलेली असली तरी सून ती सून. डोक्याला रुमाल, वडीलधाऱ्यांपुढं वाकून सलाम, आणि सासऱ्यासमोर आवाज इतका बारीक की शेजारची किटली तिच्यापेक्षा मोठ्यानं बोले. सासऱ्याचं नाव घेणं तर लांबच. पुढं तिच्या वर्गात दोरोन नावाचा एक मुलगा होता, त्याला ती ‘खिडकीजवळचा’ म्हणायची. तो दाराशी जाऊन बसला तरी खिडकीजवळचाच. आणि दोरोनबेक म्हणजे गावातला सगळ्यांत वडील माणूस. त्यानं हात उघडून दुवा मागितल्याशिवाय इथं मेंढा कापला जात नाही की मुक्काम हलत नाही.

आधीचे मास्तर बदली घेऊन गेले ते गेले, त्यांच्या जागी कोणी यायला तयार होईना. तेव्हा शाळा तोतुयाकडं आली. खोली एक, इयत्ता चार, पोरं वीसेक आणि शिकवणारी एकटी. पहिलीला अक्षरं गिरवायला द्यावीत तर तिसरी-चौथीची मारामारी जुंपायची. चौथीचं गणित काढावं तर पहिलीतलं कोणीतरी झोपी गेलेलं असायचं. महिन्याभरात ती रडकुंडीला आली. मग एका सकाळी तिनं बाकं भिंतीला लावली, पोरांना गोल बसवलं आणि प्रत्येक मोठ्याच्या हवाली एक धाकटं पोर केलं.

“तुझ्या धाकट्याला आलं नाही,” ती प्रत्येकाला म्हणाली, “तर ते तुलाही आलं नाही असं मी धरणार.”

दुसऱ्याच दिवशी बुरुल शाळेच्या दारात हजर. ही बाई कमरेवर हात ठेवूनच जन्माला आली असावी.

“माझी एर्काइम शिकायला येते का लोकांची पोरं सांभाळायला? सांभाळायला घरी आहेत की तीन.”

“तिला वजाबाकी येते का?” तोतुयानं विचारलं.

“नाही येत. म्हणून तर पाठवते.”

“मग आणखी महिनाभर पाठवा.”

एर्काइमच्या वाट्याला आला होता तिलेक, तोतुयाचाच मुलगा. या पोराला प्रत्येक गोष्टीचं कारण लागायचं. हातचा का घ्यायचा, दहाच का घ्यायचा, घेतलेला परत कधी द्यायचा. त्याला उत्तर द्यायचं तर एर्काइमला आधी स्वतःला समजून घ्यावं लागे. ती वैतागायची, पाटी आपटायची, पुन्हा उचलायची. महिना संपायच्या आत तिला वजाबाकी आली, आणि बुरुल लोण्याचं भांडं घेऊन शाळेत आली. भांडण करायचं राहून गेलं हे तिला घरी गेल्यावर आठवलं म्हणे.

वर्ग रांगेला लागला, पण मे महिना काही चुकेना. मे लागला की अख्खं गाव जनावरं घेऊन वरच्या कुरणावर जातं आणि सप्टेंबर सरत आला की परततं. शाळा खाली राही आणि पोरं वर. दोन्ही टोकांनी वर्ष कुरतडलं जायचं. तोतुयाच्या मनात आलं, पोरं खाली थांबणार नाहीत तर शाळाच वर न्यावी. पुरुषांच्या बैठकीत बोलायची सोय तिला नव्हती. ती सासूच्या कानाशी लागली, सासू नवऱ्याच्या, आणि काही दिवसांनी दोरोनबेकनं ती कल्पना बैठकीत स्वतःचीच असल्यासारखी मांडली. तोतुयाला हसू आलं. पण शाळेला तंबू मिळतोय म्हटल्यावर तिनं ते गिळलं.

मग गाव कामाला लागलं. असं सगळ्यांनी मिळून अंग मोडून राबायचं असलं की आमच्याकडं कोणाला दोनदा सांगावं लागत नाही. एकानं लाकडी जाळीच्या भिंती दिल्या, एकानं वर घालायला लोकरीचे जाड नमदे, कोणी छताच्या काठ्या. बुरुलच्या नवऱ्यानं जुन्या पत्र्याची चूल ठोकून दिली, बायकांनी खाली अंथरायला आपले चांगले गालिचे आणले. चांगले म्हणजे लग्नातले. मोडक्या दाराचं फळकूट काळं करून फळा झाला. कुरणावर सगळ्यांत देखणा तंबू शाळेचा होता, असं आजही कोणीही सांगेल.

त्याच वर्षी खालून निरोप आला. लहान शाळा मोडून पोरांना तालुक्याच्या वसतिगृहात ठेवायचं घाटत होतं, अगदी पहिलीच्यासुद्धा. कारा-साजची शाळा तपासायला एक बाई येणार होत्या. त्यांनी चारही इयत्तांचा एक तास स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा आणि काय ते ठरवायचं. तिलेक अजून आईच्या वेणीचं टोक मुठीत धरून झोपायचा. त्या आठवड्यात तोतुयाला घास गेला नाही.

त्या बाईंचं नाव नासिपा. घोड्याची सवय नसलेली, काटेकोर, आणि चढणीनं अवघडलेली. घोडा थांबतो न थांबतो तोच लगाम धरायला पाचजण धावले. शाळेची पाहुणी म्हणजे साऱ्या गावाची पाहुणी. तिचं करू तेवढं थोडं, म्हणजे ती शाळेचं भलं करील, असा सगळ्यांचा भाबडा हिशोब. आणि इथंच घोडं पेंड खात होतं.

आधी बुरुल तंबूच्या दारात आली. “एर्काइमला दे गं जरा, चहाचा समोवार पेटवायचाय.” तोतुया काही बोलायच्या आत पोरगी गेलीही. मग दोन पोरं मेंढा धरायला गेली. दोघी पाण्याला गेल्या. एकीला पीठ मळायला बोलावलं, एकाला शेण्या आणायला, खिडकीजवळच्याला पाहुणीचा घोडा फिरवायला. प्रत्येकजण एकच पोर मागत होता, आणि वडीलधाऱ्या माणसाला नाही म्हणायची तोतुयाच्या जिभेला सवय नव्हती. बघता बघता मोठी सगळी गेली. गालिच्यावर तिलेक आणि आणखी दोन चिमुरडी उरली, आणि तीही बाहेरच्या तळणाच्या वासाकडं बघत होती.

नासिपा दारात आली. हातात कोणीतरी कोंबलेला घोडीच्या दुधाचा वाडगा.

“वर्ग कुठाय?”

“आत्ता येतो,” तोतुया म्हणाली.

“बाई, दुपारनंतर बर्फाचं पाणी उतरतं आणि ओढा चढतो. मला त्याआधी पलीकडं जायचंय. तीन पोरांची शाळा पाहिली, असं सांगू का खाली जाऊन?”

ती वाईट बोलत नव्हती. खरं तेच बोलत होती, म्हणून तोतुयाला ते झोंबलं. एवढे गालिचे, एवढ्या खटपटी, आणि शाळा मोडणार ती शत्रूच्या हातानं नाही, आपल्याच माणसांच्या आदरातिथ्यानं. तिला रडू यायला हवं होतं. आला तो राग.

ती बाहेर पडली. तंबूंच्या मध्ये पुरुषांचं कडं बसलं होतं, मध्ये पाय बांधलेला मेंढा, आणि दोरोनबेकनं दुव्यासाठी हात उघडले होते. अशा वेळी आमच्याकडं तान्हं पोर रडलं तरी आई त्याला घेऊन लांब जाते. तोतुया सरळ कड्यात शिरली.

“बाबा, हात खाली घ्या,” ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं कपाळाला आठ्या घातल्या. “काय म्हणतेय ही?” त्यानं शेजाऱ्याला विचारलं. “मला ऐकू नाही आलं.”

शेजारी कशाला सांगतोय. तोही ‘मला तरी कुठं’ अशा चेहऱ्यानं आभाळाकडं बघायला लागला. तोतुयानं श्वास घेतला आणि असं ओरडली की पलीकडच्या उतारावरच्या मेंढ्यांनी माना वर केल्या.

“हात खाली घ्या म्हणते, बाबा. मेंढा सोडा. माझी पोरं मला परत द्या.”

“अगं बाई,” बुरुल म्हणाली, “सून सासऱ्याचा दुवा अडवते. काय काय बघायला लागतंय.”

दोरोनबेकचे हात तसेच उघडे राहिले. “पाहुणी उपाशी जाऊ दे म्हणतेस? माझ्या दारातून?”

“जाऊ दे. लोक दोन दिवस नावं ठेवतील, ती मी ऐकून घेईन. पण आज वर्ग भरला नाही तर पोरं खाली जातील, बाबा. वसतिगृहात. तिलेकसुद्धा. मग इथं मेंढे कापा नाहीतर घोडे कापा, वाढायला पोर मिळायचं नाही तुम्हाला.” तिचा आवाज आता फुटला होता, पण खाली आला नाही. “ती बाई जेवायला नाही आली. वर्ग बघायला आलीय, आणि वर्ग तुम्ही सगळ्यांनी मिळून पळवलात.”

दोरोनबेक आपल्या तळहातांकडं बघत बसला. मग दुवा पुरा झाला की फिरवतात तसे चेहऱ्यावरून न फिरवताच त्यानं ते खाली घेतले. असं झालेलं कोणी पाहिलं नव्हतं.

“दोर सोड,” तो पोराला म्हणाला. मेंढा उठला, अंग झाडलं आणि निघून गेला. म्हातारा काठी टेकत उभा राहिला. “ऐकताय काय नुसतं? ज्याच्या घरात शाळेचं पोर आहे त्यानं ते तिकडं नेऊन बसवायचं. आणि तास संपेपर्यंत कोणी एकाही पोराला हाक मारली तर गाठ माझ्याशी आहे.”

मग जी पळापळ झाली ती विचारू नका. पिठाच्या हातांची, धुरानं डोळे लाल झालेली, कोणी घोड्यावरून ओढून काढलेली अशी पोरं तंबूत येऊन गोल बसली, प्रत्येकजण आपापलं धाकटं शोधून. वारा यावा म्हणून तंबूचा खालचा नमदा वर गुंडाळलेला होता. लाकडी जाळीपलीकडं गावही येऊन बसलं, कोणी न बोलावता. आपली पोरं शिकताना त्यांनी कधी पाहिलीच नव्हती.

नासिपानं थोडा वेळ पाहिलं आणि मान हलवली. “लहान प्रत्येक वेळी मोठ्याच्या तोंडाकडं बघतात. यांना स्वतःचं येतं काय?”

“मोठ्यांना बाहेर पाठवा,” तोतुया म्हणाली, “आणि विचारा.”

मोठी बाहेर गेली. एर्काइम जाळीशी बसून वेणी चावायला लागली. आईबापांपेक्षा या पोरांचाच जीव टांगणीला लागला होता. नासिपानं नेमकं तिलेकला उभं केलं.

“बावीस मेंढ्या होत्या. आठ विकल्या. किती राहिल्या?”

“का विकल्या?” तिलेकनं विचारलं.

नासिपा गडबडली. “पैसे हवे होते.”

“बरं.” त्यानं फळ्यावर आकडे मांडले आणि तिच्याकडं वळला. “असं बघा. दोनातून आठ जात नाहीत. घाबरायचं नाही. शेजारून दहा आणायचे, झाले बारा. बारातून आठ गेले, राहिले चार. शेजारी उरला एक. चौदा. कळलं ना? नसेल कळलं तर परत सांगतो, लाजायचं नाही. एर्काइमला पण आधी येत नव्हतं.”

जाळीपलीकडं एकच हशा पिकला. एर्काइमनं तोंड ओंजळीत लपवलं, पण तिचे खांदे हसत होते. मग मोठ्यांना आत बोलावलं, आता त्यांची पाळी. नासिपानं एर्काइमलाच विचारलं, एका मेंढीची लोकर अडीच किलो, तर चौतीस मेंढ्यांची किती.

“अडुसष्ट,” बाहेरून बुरुल कुजबुजली. तिची कुजबुज ओढ्यापलीकडं ऐकू जाते.

“आई, वरचा अर्धा किलो कोण देणार?” एर्काइम मागं न बघता म्हणाली. “पंच्याऐंशी.”

नासिपानं आणखी विचारलं, मग आणखी. बूट काढून तीही गालिच्यावर बसली. ओढ्याची आठवण तिला राहिली नाही, आणि आठवण करून देण्याइतके आम्ही मूर्ख नाही.

“खरं सांगू?” शेवटी ती तोतुयाला म्हणाली. “एका माणसाला चार इयत्ता शिकवणं शक्य नाही, असं माझं पक्कं मत होतं.”

“एका माणसाला नाहीच शक्य,” तोतुया म्हणाली. “इथं निम्मा वर्ग शिकवतो.”

नासिपा जाळीतून दिसणाऱ्या चेहऱ्यांकडं बघत राहिली. “शाळा राहील,” ती म्हणाली. “हिवाळ्यात खाली, उन्हाळ्यात इथं. पोरं कुठंही जाणार नाहीत. आणि आमच्या नव्या शिक्षिका मी पाठवते, त्यांना इथं बसू द्या.”

बाहेर बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. पोरं उठून उड्या मारायला लागली, तशी तोतुयानं हसू आवरत त्यांना दटावून खाली बसवलं. धडा अर्धाच झाला होता.

तेवढ्यात दारात सावली पडली. दोरोनबेक उंबऱ्याबाहेर उभा होता. त्याला कुठल्याही तंबूत शिरायला परवानगी लागत नाही, पण तो आत आला नाही. पोरं तोतुयाला ‘एजे’ म्हणायची, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. म्हाताऱ्यानं घसा साफ केला.

“एजे,” तो म्हणाला, “ओढा चढलाय. पाहुणी आता सकाळपर्यंत आपलीच. तास संपला असेल तर पोरं न्यायची होती. मेंढा कुठं गेलाय कोण जाणे.”

“अजून धडा राहिलाय, बाबा,” तोतुया मोठ्यानं म्हणाली. “थांबा थोडं.”

आणि दोरोनबेक काठी टेकून, सगळ्या गावादेखत, दाराबाहेर थांबला.