खोडरबराचा वास

जुन्नरच्या माझ्या दुकानात आज लॅपटॉपची रॅम खोडरबरानं पुसताना त्या वासानं मला पिंपरी पेंढारच्या सासरच्या ओसरीवर नेलं.

नवीनच लग्न झालं होतं. दुपारी ऑनलाइन मुलाखत होती आणि माझा जुना लॅपटॉप सुरूच होईना. चार्जर बदलला, बॅटरी काढून बटण दाबून धरलं, तरी स्क्रीन काळीच. शेवटी मी स्क्रू काढून खालचं झाकण उघडलं.

कांदा निवडणाऱ्या सासूबाई घाबरल्या. "अगं, सगळं खोललंस! परत जुळंल का?"

"जुळेल, आई."

रॅम काढली, तिच्या सोनेरी कडा खोडरबरानं घासून ती पुन्हा बसवली. पंखा घरघरला, स्क्रीन उजळली.

नोकरी मिळाली नाही, तेव्हा मी रडले होते. आता मागं वळून पाहिलं की त्या दुपारीच माझं दुकान सुरू झालेलं दिसतं. दुसऱ्याच दिवशी बंद लॅपटॉपवाल्या शेजारणीला सासूबाई सांगत होत्या, "जुन्नरला कशाला जाती? आमची सून करती की!"