फ्लेक्सवरची वंशावळ

हसा खुशाल, पण आधी चहाचा कप खाली ठेवा. मी घातलेला घोळ थेट स्कॉटलंडपर्यंत पोचला होता!

आमच्या चाकणच्या कंपनीत जेनेट मॅडम आहेत, स्कॉटलंडच्या. त्यांची आई तिकडे अंथरुणाला खिळलेली, डॉक्टरांनी आशा सोडलेली. म्हातारीची एकच इच्छा, आपलं मूळ कुठलं ते डोळ्यांनी बघायचं. मॅडमनी चर्चच्या जुन्या नोंदी मागवल्या आणि वंशावळ काढायला दिली कुणाकडे? मी ड्रॉइंगवाला ना!

मग मी काय कमी करतो? काळेवाडीतून दहा फुटी फ्लेक्सच छापून आणला राव! मधोमध वडाचं झाड, फांदीफांदीवर नावं. मीटिंग रूममध्ये तो टांगला आणि मॅडमनी आईला व्हिडिओ कॉल लावला.

म्हातारीनं चष्मा चढवला. बघतेय, बघतेय. मग बारीक आवाजात विचारलं, "यात मी कुठंय गं?"

मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. मी ऐटीत म्हणालो, "मॅडम, वंशावळीत लेकी घेत नाहीत. त्या लग्न होऊन गेल्या ना!"

"आणि सुना?"

"त्या तर बाहेरून आलेल्या!"

अहो, नोंदींत प्रत्येक बाई माहेरच्या नावासकट होती. मीच एकेक वेचून बाहेर काढली होती, तांदळातल्या खड्यासारखी.

"आई, चित्र नीट दिसत नाहीये. उद्या दाखवते हं," म्हणून मॅडमनी कॉल बंद केला.

दुसऱ्या दिवशी मी नवा फ्लेक्स घेऊन धावतच पोचलो. यात सगळ्या बाया, अगदी पणजीच्या आजीपर्यंत! मॅडमची खुर्ची रिकामी होती. म्हातारी पहाटेच गेली होती. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू?

वाटलं, निदान आपल्या घरची वंशावळ तरी बायांसकट काढू. माझी आई जाऊन वर्ष होत आलंय, तिच्यापासूनच सुरुवात करू. निघोजेच्या मामाला फोन लावला.

"मामा, आईच्या, म्हणजे शालिनी या नावाच्या वर कुणाकुणाची नावं टाकू?"

"शालिनी न्हवं रं. ते तुमच्या घरानं लग्नात ठिवलेलं. आमची हौसा. तुला ठावं न्हाई व्हय?"

कसं ठाऊक असणार? मामा तिला अक्का म्हणायचा, मी आई. विचारलं कधी कुणी?

आणि तिच्या दहाव्याला काळेवाडीच्या चौकात केवढा मोठा श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला होता मी! हातभर अक्षरांत तिचं नाव. आम्ही ठेवलेलं.