वरची माती

वारलू निखाडेने अकरा वर्षं एका मातीच्या ढिगाची चौकीदारी केली. स्वतःच्याच शेतातली माती कोणी नेऊ नये म्हणून दुसऱ्याचा पगार घेऊन राखण करणारा माणूस तालुक्यात बहुधा तोच.

मोहटोला गावाखाली कोळसा निघाला तेव्हा आधी धानाच्या बांध्यांतली, म्हणजे बांध घातलेल्या खाचरांतली, वरची फूटभर माती खरवडून वेगळी रचली गेली. खाण संपली की ती परत पसरायची, असं कागदात होतं. सव्वीस घरांच्या शेतांची माती एकाच ढिगात गेली आणि लोक त्या ढिगालाच 'गाव' म्हणू लागले. विस्थापितांच्या नव्या वसाहतीत घरांना नंबर होते, वस्तीला नाव नव्हतं. शब्द मोकळाच पडला होता. "वारलूभाऊ, गावावर बकऱ्या चढल्या जी!" अशी हाक आली की वारलू काठी घेऊन धावायचा.

पुढे खाण बंद पडली, चौकीदारी सुटली. ढीग राहिला. कंपनीने त्याचा माथा सपाट करून फरश्या घातल्या, सिमेंटचे दोन बाक ठेवले आणि 'निसर्गदर्शन स्थळ' अशी पाटी लावली. तिथून खाणीतून उपसलेल्या दगड-मुरमाचा डोंगर, म्हणजे डंप, झुडपांनी हिरवा दिसायचा आणि खाणीच्या खड्ड्यात साचलेलं पाणी निळं. निसर्ग म्हणून जे दाखवायचं ते सगळं एका नजरेत.

वारलूला एवढंच पाहिजे होतं, की ही माती एकदा जमिनीवर अंथरली जावी आणि तिच्यात एक हंगाम धान उभं दिसावं. शकुबाई, त्याची बायको, म्हणायची, "दारात कुंडी हाये ना, तिच्यात लावा." तो हसायचा नाही. श्रावणात रोवणीच्या चिखलाचा वास कुठून तरी आल्यासारखं वाटून तो वसाहतीच्या डांबरी रस्त्यावर मध्येच थांबायचा, आणि मागची मोटारसायकल हॉर्न वाजवायची.

यंदा नागपूरहून तपासणी आली. जमीन पूर्ववत झाली असा शेरा पडला, की कंपनी गेटला कुलूप लावून मोकळी. मग माती हलवणारं कोणी उरणार नव्हतं.

तपासणीच्या ज्योत्स्ना मॅडमना कंपनीचा इंजिनिअर प्रफुल थेट निसर्गदर्शन स्थळावर घेऊन आला. तिथे उभं राहून त्याने वाचलं, "वरची माती शंभर टक्के पसरली आहे."

मॅडमनी जमलेल्या गावकऱ्यांकडे पाहिलं. वारलू पुढे झाला. आठ दिवस घोकलेलं वाक्य त्याने एका दमात सांगून टाकलं, "मॅडम, गाव कुठीच गेलं नाई. गाव इथीच हाये."

"बघा मॅडम," प्रफुल म्हणाला, "लोक किती समाधानी आहेत!"

मॅडमनी लिहिलं: ग्रामस्थांच्या मते गाव मूळ जागी आहे. मग सगळे चहाकडे वळले.

चहा शकुबाईच्याच हातात होता. ती कपबशी तशीच धरून म्हणाली, "काय बोलून राह्यले तुमी? गाव म्हंजे हा ढीग, हे त्या बाईले कसं समजन? तुमीच पास करून टाकलं ना त्याइले!"

वारलूच्या लक्षात आलं तसं त्याचं तोंड उतरलं. पुन्हा बोलण्यावर त्याचा भरवसा राहिला नव्हता. माळ्याची कुदळ पडली होती, ती उचलून त्याने बाकाशेजारची फरशी उचकटली.

"वारलूभाऊ, फरशी काऊन तोडून राह्यले?" प्रफुल ओरडला.

वारलूने मूठभर माती काढली, पेल्यातलं पाणी शिंपडलं, मळली, हातावर वळून तिची वात केली आणि वाकवून बांगडी. बांगडी तडकली नाही. धानाची माती पारखायची ती अशीच. त्याच्या बापाने जमीन घेताना हेच केलं होतं. त्याने ती मॅडमच्या तळहातावर ठेवली.

"आता डंपावरच्या मुरमाची करा म्हणा इंजिनिअर सायबाले."

प्रफुलने डंपावरून ओंजळभर मुरूम मागवून खरंच करून पाहिली. त्याच्या हातून मुरूम गळत राहिला आणि पँटवर डाग पडला.

मॅडमनी पायाखाली पाहिलं. मग आधीची ओळ खोडून लिहिलं: वरची माती पसरलेली नाही. आम्ही तिच्यावर उभे आहोत. सहा महिन्यांत पसरावी.

"तुमचं शेत कुठं होतं?" त्यांनी विचारलं.

वारलूने खड्ड्याकडे बोट केलं.

"पाण्यात?"

"नाई जी. पाणी तं लय खोल हाये. तो बगळा उडून राह्यला ना? त्याच्या पायाखाली, तेवढ्या उंचीवर."

मॅडमनी बगळा पाहिला. तो डंपाकडे निघून गेला तरी वारलूचं बोट तिथेच होतं.

'मूळ जागा' हा रकाना मॅडमनी कोरा सोडला. माती पसरायची 'नवी जागा' यापुढे लिहिलं: डंपाचा माथा.

"त्या मुरमावर पाणी थांबन का, मॅडम? धान होईन?"

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

इतक्या वर्षांत साहेब लोकांचं हे एकच उत्तर त्याला ताबडतोब पटलं.

"मंग चारी बाजूनं बांध घालाले लिहा," तो म्हणाला. "उंच." आणि पुन्हा खड्ड्यावरच्या रिकाम्या हवेत, आपली बांधी कुठे संपायची ते शोधत राहिला.