अर्बाबांचा उजवा खांदा

कासमचाचा. हे नाव आधी लिहून टाकतो, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. श्रीवर्धनकडच्या एका खाडीकाठच्या गावातले, ओमानमधल्या रुस्ताकच्या शेखांचे ड्रायव्हर कासमचाचा. आईवडिलांनंतर मी कुणामुळे उभा राहिलो असेन तर त्यांच्यामुळे. आणि त्यांच्याबद्दलचीच एक गोष्ट मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही. आईने शेवटच्या दुखण्यात विचारलं होतं, "कासम बरा आहे ना रे?" तेव्हा तिच्यापाशीही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. हेही तसं भित्रेपणाचंच कारण — नाही का?

माझे वडील गावच्या एसटी डेपोत गाड्या धुवायचे. कासमचाचा आणि ते मराठी शाळेत एका बाकावर बसायचे. मी बीएस्सी झालो तेव्हा आमच्या घराण्यात पदवी हा शब्दच पहिल्यांदा आला. पदवी आली, नोकरी आली नाही. शिकवण्या करत दिवस काढत होतो. अशात चाचा सुट्टीवर आले आणि माझ्या मार्कशीटच्या झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेऊन गेले. पुढच्या ईदच्या आत माझा व्हिसा आला होता.

रुस्ताकच्या सूकजवळ, म्हणजे जुन्या बाजाराजवळ, अर्बाबांचं पाण्याच्या पंपांचं दुकान होतं. अर्बाब म्हणजे मालक, आमचे शेखसाहेब. मी बिलं करायचो आणि इंग्रजी पत्रव्यवहार बघायचो. अर्बाब मला 'उस्ताद' म्हणत. चाचा म्हणत 'बीएस्सी'. शुक्रवारी सुरमई तळून ताटली झाकून माझ्या खोलीवर आणायचे. मजलिसमध्ये, म्हणजे शेखांच्या बैठकीत, कसं बसायचं, कावा, तिथली कोरी कॉफी, पिऊन झाला की छोटा कप कसा हलवून परत द्यायचा, हे त्यांनीच शिकवलं. "नाही हलवलास तर ओततच राहतील, बीएस्सी. पोटाचा पंप होईल तुझा."

मी हसायचो. किती सहज हसायचो तेव्हा.

आता शिकारीचं सांगायला हवं. त्याआधी एक स्पष्ट करतो — मी आयुष्यात बंदूक हातात धरलेली नाही. तरीही ती गोळी मीच निवडली.

अर्बाबांना नेमबाजीचं वेड होतं. ईदला वादीत, म्हणजे कोरड्या नदीपात्रात, लांबवर एक पांढरा दगड ठेवायचे आणि नातेवाईक पाळीपाळीने तो टिपायचे. बहुधा अर्बाबच जिंकायचे. पण जनावराची शिकार इथे बंद झालेली. नव्वदच्या दशकात कधीतरी कॅनडातल्या एका पंपवाल्या कंपनीच्या माणसाने त्यांना तिकडे शिकारीला बोलावलं. एल्क नावाचं जनावर, आपल्या सांबराचा थोरला भाऊ म्हणा, अंगाने घोड्याएवढं. तिथल्या वाटाड्याचा फॅक्स आला: बंदूक आम्ही देऊ, पण कोणतं काडतूस हवं ते आधी कळवा. तीन नावं दिली होती. टू-सेव्हन्टी, थर्टी-ओ-सिक्स आणि थ्री-थर्टी-एट मॅग्नम. पहिलं हलकं, दुसरं मधलं, तिसरं थोरलं. प्रत्येकाचा वेग, गोळीचं वजन, खांद्याला बसणारा धक्का — सगळं दिलेलं. तिसऱ्याचा धक्का पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट होता.

फॅक्स माझ्याकडे आला. इंग्रजी ना!

दोन दिवसांनी मस्कतहून सुटे भाग घेऊन परतताना चाचांनी गाडीचा रेडिओ बंद केला. ते रेडिओ कधीच बंद करत नसत. म्हणाले, "ऐक, बीएस्सी. अर्बाबांचा उजवा खांदा मोडलेला आहे. उंट आडवा आला होता, गाडी उलटली. मुंबईला नेऊन आत स्क्रू घातलेत. मुलांनापण मुरगळला एवढंच सांगितलंय. मी होतो सोबत, म्हणून मला ठाऊक." मी विचारलं, मग ईदला नेम कसा धरतात? "ती त्यांची जुनी हलकी बंदूक रे. धक्का कमी असेल ते निवड. आणि चारचौघांत खांद्याचं नाव काढू नकोस. कारण विचारलं तर सांग काहीतरी तुझं इंग्रजी."

मी म्हणालो, "हो चाचा. कळलं."

कळलं होतं. हे मी पुन्हा लिहितो — मला कळलं होतं. क्रिया तेवढी प्रतिक्रिया, हा नियम मी शिकवण्यांत मुलांकडून पाठ करून घेतला होता. शिवाय त्या फॅक्समध्ये खाली वाटाड्याने साध्या भाषेत लिहिलं होतं की मधलं काडतूसही एल्कला पुरतं, हलक्याने मारणारेही आहेत. गोळी चांगली असावी आणि योग्य जागी लागावी. म्हणून जे न बिचकता झाडू शकाल तेच घ्या. उत्तर समोर होतं. फक्त वाचून दाखवायचं होतं.

मजलिस भरली होती. अर्बाबांचे भाऊबंद भिंतीला टेकून बसलेले, मध्ये खजूर, चाचा कावा ओतत फिरत होते. अर्बाब म्हणाले, "उस्ताद, बोलो." मी कागद उघडला. तेवढ्यात त्यांचा एक चुलतभाऊ हसून म्हणाला, "ये हिंदी आदमी पंप बेचता है. बंदूक क्या समझेगा?" सगळे हसले. वाईट हसले नाहीत, कुणी थट्टेत हसावं तसं हसले.

माझे कान तापले. एवढ्यानेच? हो, एवढ्यानेच.

मी खालची दोन वाक्यं गाळली. वाचलीच नाहीत. आकडे मोठ्याने वाचले आणि कागद मिटून म्हणालो, "अर्बाब, सबसे बड़ा जानवर, सबसे बड़ी गोली. आपके लायक यही है."

"वल्ला!" चुलतभाऊ म्हणाला. "उस्ताद तो उस्ताद है!"

अर्बाबांनी माझ्याकडे पाहिलं. थोडा जास्तच वेळ. मग हसून मान हलवली. चाचांच्या हातातली दल्ला, कावाची ती लांब चोचीची किटली, एका कपावर तशीच तिरकी राहिली.

बाहेर आल्यावर चाचांनी माझा दंड धरला. "काय केलंस रे हे?" मी म्हणालो, काळजी करू नका, उद्या फॅक्समध्ये मधलं लिहितो, कोण बघणार आहे? त्यांचा चेहरा मोकळा झाला. "शहाणा आहेस," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी फॅक्समध्ये थोरलंच लिहिलं. का? मजलिसमध्ये सांगितलेलं बदललं आणि उद्या त्या चुलतभावाला कळलं तर? एवढंच होतं मनात. याहून मोठं कारण मी खूप शोधलं. नाही सापडलं.

अर्बाब परत आले ते उजवा हात गळ्यात अडकवून. दोन दिवस मजलिस भरलीच नाही. तिसऱ्या दिवशी मला एकट्याला बोलावलं आणि मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. कॅम्पवर नेम तपासायला म्हणून पहिली गोळी झाडली तेव्हाच खांद्यात काहीतरी सरकलं. पाहुणा म्हणून गेले होते, बोलले नाहीत. सकाळी समोर एल्क आला, उभा राहिला. यांनी बिस्मिल्ला म्हटलं आणि घोडा ओढण्याआधीच खांद्याने अंग चोरलं. गोळी पोटात मागे लागली. जनावर पळालं. बर्फात रक्ताचे थेंब होते, मग बर्फ पुन्हा पडायला लागला. संध्याकाळपर्यंत शोधलं. दुसऱ्या दिवशीही.

"मेरे हाथ से हलाल नहीं हुआ, उस्ताद," ते म्हणाले. "वो उधर पड़ा-पड़ा मरा होगा. किसी ने खाया नहीं. मैं पहुँचा नहीं."

मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. तेव्हाही रडले नाहीत. डाव्या हाताने उजवा खांदा धरून नुसते बसले होते.

मग त्यांनी विचारलं. हेच सांगायला मी इतकी पानं फिरतोय. त्यांनी विचारलं, "मैंने कासम को बोला था, उस्ताद को कंधे का चुपके से बता दे. इसलिए तुमने बड़ी गोली बोला तो मैं समझा, उस्ताद ने सोच के बोला. कासम ने बताया था?"

बघा, त्या दिवशी मजलिसमध्ये ते माझ्याकडे का पाहत राहिले होते. हसून मान हलवली तीही भिडेने नाही. त्यांना वाटलं, याला सगळं ठाऊक आहे आणि तरी हा म्हणतोय, म्हणजे चालेल. त्यांनी माझ्या शिक्षणावर आपला खांदा टेकवला होता.

मी म्हणालो, "नहीं, अर्बाब."

दोन शब्द. वडील तेव्हा आजारी होते, घर माझ्या पगारावर चालत होतं. हे खरं आहे. पण ते शब्द तोंडातून निघाले तेव्हा मला वडील आठवले नव्हते. मला फक्त 'उस्ताद' राहायचं होतं.

त्यांनी लगेच चाचांना बोलावलं. मी दुकानात जाऊन बसलो. नंतर अर्बाबांनीच सांगितलं: "कासम मान गया. बोला, भूल गया."

भूल गया! चाचांनी एकदाही माझं नाव घेतलं नाही. त्यांना काय कळलं असेल हे मी सांगायला हवं का?

आरडाओरडा काही झाला नाही. गाडीची किल्ली दुसऱ्या ड्रायव्हरकडे गेली. चाचांना खजुराच्या बागेत पाठवलं. मजलिसमध्ये कावा घेऊन एक नवा माणूस फिरायला लागला. काही महिन्यांनी व्हिसा रद्द. खलास. जाण्याच्या दिवशी भर दुपारी ते दुकानात आले, काउंटरवर डबा ठेवला. सुरमई होती. "थंड व्हायच्या आत खा, बीएस्सी," म्हणाले. "बापाला तुझ्या सांगतो, पोरगा बरा आहे म्हणून." मी काउंटरच्या मागून बाहेरही आलो नाही.

पुढे माझं बरं झालं. दुकानाची कंपनी झाली, ऑफिस मस्कतच्या अल् खुवैर भागात गेलं, मी मॅनेजर झालो. लग्न झालं, तिथेच वादी कबीर भागात भाड्याने फ्लॅट घेतला, मुलगी शाळेत जायला लागली. चाचा दर मे महिन्यानंतर गावाहून येणाऱ्या कुणाच्या तरी हाती फणसपोळी पाठवत राहिले. नुसती फणसपोळी, वर माझं नाव. मुलीला ती फार आवडायची.

अर्बाब वारले तेव्हा मी रुस्ताकला गेलो. दुखवट्याच्या मजलिसमध्ये थोरल्या मुलाने कुणालातरी वडिलांच्या शेवटच्या शिकारीची हकीकत सांगितली. शेवटी म्हणाला, "ड्रायव्हर था कासम. उसको बताने का था, भूल गया." त्या घरात चाचांचं एवढंच उरलं होतं — भूल गया. मी कप हलवला, परत दिला आणि उठलो.

मग या वर्षीची फणसपोळी आली. मुलीने तिच्या अडखळत्या मराठीत विचारलं, "बाबा, हे कोण सेंड करतो आपल्याला? हू इज कासमचाचा?" आणि मी म्हणालो, "गावचे आहेत. ओळखीचे."

ओळखीचे.

त्या शुक्रवारी मी गाडी काढून रुस्ताकला गेलो आणि थोरल्या मुलाला सगळं सांगितलं. परतल्यावर पत्र लिहिलं. इतकी वर्षं एक सबब होती की चाचांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पत्र घरातलं कुणीतरी मोठ्याने वाचणार, सगळ्यांना कळणार. या वेळी त्यासाठीच लिहिलं. ते असं:

*प्रिय कासमचाचांस, सा. न.*

*जो कुणी हे वाचून दाखवत असेल त्याने मध्ये थांबू नये. घरातल्या सगळ्यांना बोलवावं.*

*कासमचाचा काही विसरले नव्हते. मस्कतहून येताना गाडीत त्यांनी मला अर्बाबांच्या खांद्याबद्दल सांगितलं होतं आणि धक्का कमी असेल ते काडतूस निवडायला सांगितलं होतं. मी चारचौघांत मोठेपणासाठी मोठं निवडलं. बदलतो म्हणालो, बदललं नाही. अर्बाबांनी विचारलं तेव्हा चाचांनी सांगितलं नाही असं मी खोटं बोललो. चाचांची नोकरी त्यामुळे गेली. ते 'विसरलो' म्हणाले ते मला वाचवण्यासाठी.*

*अर्बाब आता नाहीत, त्यांना सांगायचं राहिलं. त्यांच्या थोरल्या मुलाला परवा सांगितलं. त्याने हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाला, "अब बोलता है, उस्ताद?" त्या मजलिसमध्ये आता चाचांबद्दल खरं ते बोललं जाईल, असं तो म्हणाला.*

*माझ्या मुलीला आज जेवताना सगळं सांगितलं. तिने ताटातली फणसपोळी बाजूला ठेवली.*

*चाचा, तुम्ही मला सांगितलं होतं. मी ऐकलं होतं.*

*तुमचा,*
*बीएस्सी*