सव्वाआठचा मिस्ड कॉल

सीटी स्कॅनची फिल्म उजेडासमोर धरून डॉक्टर म्हणाले, "काका, याला क्रॉनिक सबड्युरल हेमॅटोमा म्हणतात. मेंदू आणि त्याच्यावरचं आवरण यांच्यामध्ये रक्त साचलंय. हे आजचं नाही, बरेच आठवडे हळूहळू साचत होतं. शब्द कधीपासून अडायला लागले?"

मी म्हणालो, "पंधरावीस दिवस झाले."

खोटं. साफ खोटं. शेजारी बायको, सुनंदा, बसली होती. खरं सांगायचं तर दीड महिना लोटला होता, आणि तो मी लपवला होता.

तुमच्या घरात कुणी साठी ओलांडलेलं असेल, तर हे नीट वाचा. माझ्यासारखा गाढवपणा करू नका.

मी वटार गावचा. नोकरीतून निवृत्त झाल्यावर केळीची वाडी आणि रोजचं शब्दकोडं, एवढाच उद्योग. माझी मोठी बहीण, ताई, अर्नाळ्याला राहते. दोघांकडे पेपर एकच. ज्याचं कोडं आधी सुटेल त्याने दुसऱ्याला मिस्ड कॉल द्यायचा, अशी आमची बारा वर्षांची रीत. बोलायचं नाही, नुसती रिंग. त्या कोड्याने आम्हाला काय काय शिकवलं! ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, शहामृगाचा डोळा त्याच्या मेंदूपेक्षा मोठा असतो. सुनंदा म्हणायची, शहामृगाचं राहू द्या, आधी दळण आणा.

वाडीतल्या पंपाच्या खोलीचं दार बुटकं आहे. एका सकाळी घाईत वाकलो नाही आणि कपाळ चौकटीवर आपटलं. रक्त नाही, टेंगूळसुद्धा धड नाही. चोळलं आणि विसरलो. हृदयासाठी मी रक्त पातळ करणारी गोळी घेतो, हे तेव्हा डोक्यात आलंच नाही.

नंतर केव्हातरी कोड्यात आलं, 'विहिरीतून पाणी काढण्याचं चाक, तीन अक्षरी'. अहो, आमच्या वाडीत ते होतं! डोळ्यांना झापड बांधून गोल फिरणारा रेडा मला दिसत होता, गाडग्यांतून सांडणारं पाणी ऐकू येत होतं. पण 'रहाट' हा शब्द काही येईना. अर्धा तास तीन रिकाम्या चौकटींकडे बघत बसलो. माझे वडील शेवटी शेवटी आम्हाला ओळखत नव्हते. तेच आता माझ्या दारात आलंय, असं मी धरून चाललो.

मग मी काय केलं? सव्वाआठ वाजता ताईला मिस्ड कॉल दिला. कोडं अर्धं रिकामं, आणि मी जिंकलो.

दुसऱ्या दिवशीही तेच. उत्तरं पुढच्या अंकात छापून येतात. ती बघून मी आदल्या दिवशीच्या चौकटी भरायचो आणि पेपर मुद्दाम टेबलावर उघडा टाकायचो. सुनंदाला संशय आलाच होता, कारण मी मिठाला 'ते पांढरं' म्हणायला लागलो होतो. तिने मला गावातल्या डॉक्टरांकडे ओढत नेलं. त्यांनी विचारलं, वाचन वगैरे चालू आहे का? मी छाती काढून कोड्याचं सांगितलं. साक्षीला तिथूनच ताईला फोन लावला. ती बिचारी मनापासून म्हणाली, याचं डोकं माझ्याहून तल्लख आहे, रोज मला हरवतो. डॉक्टर हसले, वयाप्रमाणे व्हायचंच म्हणाले, शक्तीच्या गोळ्या दिल्या. त्यात दोन आठवडे गेले.

शेवटी हाताने माझं पितळ उघडं पाडलं. शर्टाचं बटण लागेना. मग केळीचा घड कापताना कोयता उजव्या हातातून सुटला तो थेट पायाशी पडला. सुनंदाने रिक्षा बोलावली आणि मला थेट मोठ्या हॉस्पिटलात नेलं, तिथेच तो स्कॅन झाला.

"बर होल करावं लागेल," डॉक्टर म्हणाले. म्हणजे कवटीला छोटं भोक पाडून रक्त काढायचं. पण आधी ती गोळी बंद करून तीन दिवस थांबायचं, नाहीतर ऑपरेशनमध्ये रक्तस्राव होईल. मध्ये काही बिघडलं तर लगेच घेऊ, म्हणाले. ते तीन दिवस कसे काढले ते माझं मला ठाऊक. कवटीला भोक! मेलो तर मेलो, पण मुका होऊन उठलो तर? रोज सकाळी एक डॉक्टरीणबाई वस्तू दाखवून नावं विचारायच्या. पेन आलं, घड्याळ आलं. कंगवा दाखवला आणि मी नुसता केसांवरून हात फिरवत राहिलो. शाळेत पट्टी खाल्ली तेव्हाही एवढी लाज वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ताई आली. शहाळं फोडून घेतलेलं, डोळे सुजलेले. गावातल्या डॉक्टरांना मीच चुकीचं सांगितलं का रे, असं ती परत परत विचारत होती. तिचा जीव त्यात अडकला होता. मला राहवेना. अडखळत, शब्द शोधत, मी सगळं सांगून टाकलं.

तिने शहाळं बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "हरला असतास तर काय झालं असतं रे, बाळ्या?"

ती उठली आणि डॉक्टरीणबाईंना शोधून खरं काय ते सांगून आली.

ऑपरेशन तासाभरात उरकलं. शुद्धीवर आलो तर डोक्याला पट्टी, एक नळी, आणि नळीतून काळपट रक्त बाटलीत उतरत होतं. मला बोलायची हिंमत होईना. तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही तर, म्हणून ओठ घट्ट मिटून पडून राहिलो. सुनंदा घाबरून हाका मारत होती. शेवटी म्हणालो, "पाणी." ती तिथेच पदर तोंडाला लावून बसली.

शब्द हळूहळू परतले. हातही. बटणं लावतो, कोयता अजून सुनंदा देत नाही. कोड्यात आता चारपाच घरं रिकामी राहतात, ती मी ताईला फोनवर विचारतो. ती आधी टोमणा मारते, मग उत्तर देते.

परवा फेरतपासणी होती. रक्त पुन्हा साचू शकतं, हे आधीच सांगितलेलं. बाहेर बाकावर बसून मी मनातल्या मनात वस्तूंची नावं घोकत होतो. नवीन स्कॅन बघून डॉक्टर म्हणाले, बारीक थर उरलाय, आणखी महिन्याने बघू. मग सहज विचारलं, "बाकी काही त्रास?"

'छे, छे' जिभेवर आलंच होतं.

"काल दोनदा शब्द अडला," मी म्हणालो. "सकाळी डोकं जड होतं. आणि मला भीती वाटते."

डॉक्टरांनी वर पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात सुनंदाने माझ्या तोंडून हे कधी ऐकलं नव्हतं. तिने माझा उजवा हात दोन्ही हातांत धरला आणि त्यांना म्हणाली,

"लिहून घ्या, डॉक्टर. हे खरं बोलतायत."