मराठी पान वाचवणाऱ्या वंदनाताई

माझ्या चुकीमुळे एक बाई दिवसभर सुरतेच्या उन्हात भटकली होती.

ती चूक ज्यांनी निस्तरली, त्या वंदनाताई आज सकाळी गेल्या.

१९९९ साल. रिंग रोडजवळ तिसऱ्या मजल्यावर आमचं छोटं ऑफिस. तीन कॉम्प्युटर, एक रडतखडत जोडला जाणारा मॉडेम. व्यापाऱ्यांना वेबसाइट बनवून द्यायचो.

मी लग्न होऊन सोलापूरहून आलेले. कोर्स केला होता, म्हणून वेबसाइटची पानं मी बांधायचे.

वंदनाताई सुरतेच्या लिंबायत भागात राहायच्या, मूळच्या अमळनेरकडच्या. यजमान कापडाच्या लूमवर कामाला. ताई आधी छापखान्यात डीटीपी करायच्या. गुजराती, हिंदी, मराठी, तिन्ही कीबोर्डकडे न बघता टाइप करायच्या.

एका साडीवाल्या शेठना चार भाषांत वेबसाइट हवी होती. वीस पानं, चार भाषा. म्हणजे ऐंशी पानं.

आजच्या मुलांना सांगून पटणार नाही. तेव्हा समोरच्याच्या कॉम्प्युटरवर आपली अक्षरं दिसतील याची खात्रीच नसायची. ताई मजकूर टाइप करायच्या, त्याचं चित्र बनवायच्या, मी ते चित्र पानावर लावायचे. एक शब्द बदलला की सगळं पुन्हा.

आणि शेठ रोज काहीतरी बदलायचे.

मग त्यांनी दुकानच दुसऱ्या मार्केटमध्ये हलवलं.

मी इंग्रजी पानं बदलली. गुजराती बदलली. हिंदीही केली. मराठी राहिली. म्हटलं, करू सावकाश, कोण बघतंय.

शोभाबाई बघत होत्या.

नंदुरबारला घरून साड्या विकायच्या. भाच्याने सायबर कॅफेतून आमचं मराठी पान छापून दिलं होतं. तो कागद घेऊन त्या सकाळच्या गाडीने आल्या. जुन्या पत्त्यावर शटर बंद. कोणी म्हणालं इकडे, कोणी म्हणालं तिकडे. शेवटी पानाच्या तळाशी आमच्या ऑफिसचा नंबर होता, त्यावर पीसीओवरून फोन केला.

फोन ताईंनी घेतला. पुढचं सगळं बोलणं अहिराणीत झालं. मला फक्त पलीकडचं रडणं ऐकू येत होतं.

ताई स्वतः जाऊन त्यांना नव्या दुकानात घेऊन गेल्या. तोवर शेठ दुकान बंद करून निघून गेले होते. मग रात्री आपल्या घरी ठेवून घेतलं, दुसऱ्या दिवशी साड्या घेऊन दिल्या आणि गाडीत बसवलं.

ऑफिसात आल्यावर माझ्याशेजारी बसल्या. मला वाटलं, आता ऐकवणार.

"सुषमा, चार भाषांतली तुझी कुठली गं?"

"मराठी."

"मग तीच कशी राहिली?"

 

आमचे मालक हितेशभाई मात्र वैतागले होते. एवढा वेळ एका वेबसाइटला परवडत नव्हता, हेही खरंच.

"मराठी काढी नाखो ने. कोण वांचे छे?"

ताई म्हणाल्या, "आठ दिवस द्या, भाई. नाही जमलं तर काढा."

त्यांनी ऐंशीच्या ऐंशी पानं छापली. टेबल सरकवून फरशीवर पसरली. पेन्सिल घेऊन गुडघ्यांवर बसल्या आणि जे जे पुन्हा पुन्हा येतंय त्याला गोल करत सुटल्या.

पत्ता. फोन. दुकानाची वेळ. माल परत घेण्याचे नियम.

"हे चारच तुकडे आहेत गं. आपण येड्यासारखे वीस-वीसदा बनवतोय."

मग त्या चार तुकड्यांचं प्रत्येक भाषेत एकेकच चित्र केलं. मी सगळी पानं अशी बांधली की ती तेच एक चित्र उचलतील. ते बदललं की वीसही पानं बदलतील.

आणि उरलेल्या मजकुरासाठी ताईंनी लांब वही केली. प्रत्येक वाक्याला नंबर, पुढे चार भाषांचे चार रकाने. कुठल्याही भाषेत बदल झाला की त्या रकान्यात तारीख. चारही रकाने भरल्याशिवाय पान वेबसाइटवर चढवायचं नाही. हितेशभाई ओरडले तरी नाही.

थोड्याच दिवसांत शेठचा फोन नंबर बदलला. आधी असल्या कामाला आमचे तीन-चार दिवस जायचे.

त्या दिवशी जेवणाचे डबे उघडायच्या आत चारही भाषा झाल्या.

हितेशभाईंनी एकेक पान उघडून पाहिलं. "थई गयुं? बधुं?" सगळं झालं, यावर त्यांचा विश्वास बसेना.

"बधुं," ताई म्हणाल्या.

हितेशभाईंनी शेवटचं पान बंद केलं. मग म्हणाले, "तो मराठी रहेवा दो."

ताई बाथरूममध्ये गेल्या. डोळे पुसून आल्या आणि वही उघडून बसल्या. 

पुढे ऑफिस बंद झालं. मी बडोद्याला आले. फोन चालू राहिले.

दोन वर्षांपूर्वी ताईंना पक्षाघाताचा झटका आला, वाचा गेली. हळूहळू वाचा परत आली, पण फक्त अहिराणी. गुजराती गेली, हिंदी गेली, माझ्याशी बोलायच्या ती मराठीही गेली. आयुष्यभर ज्या भाषांवर घर चालवलं, त्या सगळ्या.

त्यांची सून हेतल भरूचची. तिला सुरुवातीला एक अक्षर कळत नव्हतं. सासू पाणी मागतेय की पांघरूण, हे ओळखता येईना म्हणून एकदा रडली. मग दुपारच्या वेळी गल्लीतल्या खानदेशी बायकांमध्ये जाऊन बसायला लागली.

मी भेटायला गेले तेव्हा ताईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, "तुन्ही आंडेर कशी शे?"

मला 'आंडेर' म्हणजे काय ते कळेना.

हेतल आतून चहा आणत होती. तिथूनच म्हणाली, "तमारी दीकरीनुं पूछे छे. मुलगी, मुलगी."

मी मुलीबद्दल सगळं सांगितलं. हेतल एकेक वाक्य ताईंना त्यांच्या बोलीत सांगत गेली. अडखळत, चुकत. ताई हसून चुका दुरुस्त करत होत्या.

आज सकाळी हेतलचाच फोन आला. शेवटी काय म्हणाल्या ते तिला कळलं होतं. तिने पाणी दिलं होतं.

ताई, तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसून काम शिकले, हे माझं भाग्य.

शांतपणे जा. मनापासून नमस्कार.